पडून म्हातारं झालेलं इंजिन

जालना जिल्हा म्हटलं की मोसंबी आठवते, स्टीलचे कारखाने आठवतात, बियाणं आठवतं आणि उन्हाळ्यातले टँकर तर आठवतातच. बोट कोणाला आठवत नाही. तरी अंबड तालुक्यातल्या शहागडला, जिथे धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरतो, तिथे काही वर्षांआड असे दोन-चार दिवस येतात की बोटीवाचून चालत नाही. वर पैठणला जायकवाडी. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केलेलं आणि इंदिरा गांधींनी १९७६ साली उद्घाटन केलेलं हे धरण भरत नाही तोवर खालची गोदावरी म्हणजे वाळू आणि बंधाऱ्यांत अडलेलं पाणी. भरलं आणि दरवाजे उचलले की तेच पात्र काही तासांत काठ सोडतं. २००६ च्या ऑगस्टमधला पूर गोदाकाठच्या लोकांना अजून तारीखवार सांगता येतो.

अशा वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी येते ती पुण्याहून, राज्याचं दल येतं धुळ्याहून नाही तर नागपूरहून. तोवर भिस्त असते ती स्थानिक यंत्रणेकडच्या रबरी बोटीवर आणि तिच्या मागच्या फळीला अडकवलेल्या आऊटबोर्ड मोटरवर. या मोटरला सगळे 'ओबीएम' म्हणतात. वाळूवाल्यांच्या बोटींवर जी डिझेल इंजिनं दिसतात त्यांची गोष्ट वेगळी. ती रात्रंदिवस चालतात, झिजतात आणि पुष्कळदा महसूल खात्याच्या कारवाईतच संपतात. आपल्याला बोलायचं आहे ते गोदामातल्या इंजिनाबद्दल. वय पंधरा-वीस वर्षं, रंग बऱ्यापैकी शाबूत, आणि आयुष्यभरात चाललेलं मोजके तास. मोटारसायकलचं इंजिन चालून म्हातारं होतं, हे पडून म्हातारं होतं. म्हणून त्याचे आजार वेगळे असतात आणि औषधही वेगळं.

अशी जुनी ओबीएम बहुतेक वेळा टू-स्ट्रोक असते. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, व्हॉल्व्ह नाहीत, क्रँककेसमधून येणारं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये. ज्याने उमेदीत लुना, राजदूत, आरएक्स १०० खोलल्या-जोडल्या आहेत त्या मिस्त्रीला यातलं काहीच नवीन नाही. उलट बीएस ६ नंतर तयार झालेल्या पोरांना लॅपटॉप लावून एरर कोड वाचता येतो, पण कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा हे हाताला माहीत नसतं. हायवेवरच्या गावात जुना टू-स्ट्रोक मिस्त्री हमखास सापडतो, आणि माझ्या मते ओबीएमसाठी दूरच्या शहरातल्या एजन्सीपेक्षा तो बरा. फक्त तीन गोष्टी त्याच्या अनुभवात नसतात. ही मोटर हवेने नाही, नदीच्या पाण्याने थंड होते. ती उतारावर कधी मोकळी पळत नाही, पंखा पाण्यात आहे तोवर तिच्यावर सतत लोड असतो. आणि ती महिनोन्महिने बंद असते. जुन्या ओबीएमचा घात याच तिघांपैकी एकाने होतो.

सुरुवात दोरी ओढण्यापासून करायची नाही. वर्षभर पडलेल्या इंजिनाला पहिला झटका दोरीचा दिला तर कोरड्या सिलिंडरवर रिंगा घासतात, आणि आत गंज धरला असेल तर ओरखडा तिथेच पडतो. आधी प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावं, आणि वरचं चाक हाताने सावकाश, ते फिरतं त्याच दिशेने फिरवावं. उलट फिरवलं तर खाली पाण्याच्या पंपातल्या रबरी पाती मुडपतात. चाक अडलं तर जोर करू नये. चिकटलेल्या रिंगा रॉकेल आणि ऑइलच्या मिश्रणात एक-दोन दिवस भिजवल्या की बऱ्याचदा सुटतात.

काढलेले प्लग फडक्याला पुसून फेकायची घाई करू नये, कारण शेवटच्या वेळी आत काय चाललं होतं ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. पांढरट, राखेच्या रंगाचं असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे इंजिन तापत होतं. आणि दोन प्लगपैकी एकच विलक्षण स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखा निघाला तर खूश होऊ नये. त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं आहे आणि त्याची वाफ प्लग धूत आली आहे. हेडचं गॅसकेट तिथे गेलेलं असतं.

यानंतर कॉम्प्रेशन. गेज कोणत्याही बऱ्या गॅरेजात मिळतं. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, करंट बंद, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण दोन सिलिंडरांतला फरक जास्त बोलका. एकात ११५ पीएसआय आणि दुसऱ्यात ११० असेल तर पुढे जायला हरकत नाही. एकात ११५ आणि दुसऱ्यात ८० असेल तर कार्बोरेटर साफ करण्यात, प्लग बदलण्यात घालवलेला सगळा वेळ पाण्यात. फरक १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की आधी रिंगा आणि गॅसकेट. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि तरी सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच. लोक आधी पार्ट बदलतात, मग निदान करतात.

करंट नाही असं दिसलं की कॉइल, सीडीआय अशी महागडी नावं निघू लागतात. त्याआधी लाल दोरी बघावी. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची ती दोरी, तिच्या टोकाला एक क्लिप असते. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. ती क्लिप जागेवर नसेल तर कितीही ओढा, ठिणगी येणार नाही. गोदामातून बोट बाहेर काढताना ही दोरी हरवलेली असणं इतकं नेहमीचं आहे की 'इंजिन डेड' म्हणून परत नेलेल्या मोटरचं पहिलं निदान तिथेच करावं. बऱ्याच मॉडेलांना गिअर न्यूट्रलला नसेल तरी स्टार्ट होऊ न देणारी सोय असते, तीही पाहावी. एवढं करूनही ठिणगी नसेल तर मग कॉइल. गार असताना ठिणगी आहे आणि अर्ध्या तासाने गरम झाल्यावर जाते, पुन्हा गार झाल्यावर येते, हे मात्र कॉइल नाहीतर सीडीआयचंच लक्षण. सीडीआयवाल्या इंजिनाची प्लगची वायर काढून हवेत सोडून बघायची मोटारसायकलवाली सवय इथे घातक. वायरीला बॉडीचं अर्थिंग मिळालंच पाहिजे, नाहीतर चांगली सीडीआय जळते.

आता पेट्रोल. पडून राहिलेल्या इंजिनांच्या तक्रारी शोधत गेलं की बहुतेक वाटा इथेच येऊन मिळतात.

पेट्रोल उघड्यावर राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे सुईच्या अग्राएवढं भोक, ते या थराने बुजतं. ही जुनी गोष्ट. गेल्या काही वर्षांत तिच्यात इथेनॉलची भर पडली. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये साधलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणून गाठलंही. शहागडच्या जवळ अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना, नदीपलीकडे गेवराई तालुक्यात गढीचा जय भवानी. उसाच्या या पट्ट्यात इथेनॉलविरुद्ध बोलणं जरा धाडसाचंच, आणि मला तसं बोलायचंही नाही. रोज चालणाऱ्या नव्या गाडीत ते जळून जातं. वर्षातून दोनदा चालणाऱ्या जुन्या मोटरच्या टाकीत मात्र ते बसून राहतं आणि बसून पाणी पितं.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, झाकणातून दमट हवा आत-बाहेर करते. पावसाळ्यात हे चार महिने चालतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला मिळतं ते पाणी आणि अल्कोहोल. त्याहून वाईट म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेलं असतं. इंजिन कसंबसं चालू झालंच तर ते बिनऑइलचं चालतं, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जकडतो. आणखी एक गोष्ट. वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, सील हे इथेनॉल गृहीत धरून केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, त्यांचा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो.

शंका असेल तर बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळातलं पेट्रोल घ्यावं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवावं. आडवी रेघ दिसली तर ते सगळं पेट्रोल बाद. इथेनॉल किती आहे हेही कळतं. औषध मोजायच्या खुणांच्या नळीत, ऑइल न मिसळलेलं ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. २० टक्क्यांचं पेट्रोल असेल तर २० वरची रेघ ३५-३६ च्या आसपास जाऊन थांबते. मिस्त्रीला हे एकदा दाखवलं की तो जुन्या नळ्या बदलायला वाद घालत नाही.

टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. या फुग्यावर हात ठेवून निम्मं निदान होतं. दाबत राहिलं तरी तो कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे, किंवा त्याचा आतला व्हॉल्व्ह गेला आहे, किंवा कार्बोरेटरची फ्लोटची सुई अडकून पेट्रोल वाहून जातं आहे. इंजिन चालता चालता फुगा चपटा होऊन बसत असेल तर टाकीकडून पेट्रोलच येत नाही. तेव्हा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी पाहावा, बहुतेक वेळा तो बंद राहिलेला असतो. आणि इंजिन पाच मिनिटांनी मरायला लागलं, फुगा दाबल्यावर पुन्हा उचललं, तर इंजिनावरचा पेट्रोल पंप दमला आहे. त्यातला डायफ्रॅम हाताच्या पंजाएवढ्या पाकिटात मिळतो आणि बदलायला अर्धा तास लागतो.

ऑइलबद्दल एक हट्ट धरायलाच हवा. कंपनीने ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, फार जुन्या मॉडेलांना याहून जास्त. पण मोटारसायकलचं टू-टी नको. बोटीचं इंजिन गार पाण्याने थंड राहतं आणि पूर्ण लोडवर चालतं, त्याला टीसी-डब्ल्यू ३ नावाच्या दर्जाचं, जळून राख न सोडणारं ऑइल लागतं. मोटारसायकलच्या ऑइलमधल्या धातूच्या अंशांची राख पिस्टनवर, प्लगवर साठते. पंपावरची बाटली स्वस्त पडते हे खरं, पण वर्षाला लागतं किती?

पाण्याचा पंप खाली, पंख्याच्या वरच्या बाजूला गिअरच्या घरट्यात असतो. आत रबरी पात्यांचं एक चाक, इम्पेलर. ते एका बाजूला सरकवून बसवलेलं असतं, म्हणून पाती सतत काही वाकलेली, काही सरळ. सहा महिने फिरलं नाही की वाकलेली पाती तशीच वाकून राहतात. दिसायला इम्पेलर नवा, पण पाणी उचलत नाही. गोदावरीच्या पुराचं पाणी म्हणजे गाळ आणि बारीक वाळू, त्याने पात्यांची टोकं आणि बाजूचा स्टीलचा कप दोन्ही घासले जातात. त्यात जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या. पाणी आत घ्यायची जाळी एका पिशवीने बंद होते.

पाणी फिरतंय की नाही हे सांगायला इंजिनाच्या मागे एक बारीक धार पडते. ती धार चालवणाऱ्याने दर दोन मिनिटांनी मागे वळून बघितलीच पाहिजे. धार नाही म्हणजे लगेच बंद. मग आधी त्या भोकात बारीक तार घालून बघावी, कारण पुष्कळदा पंप ठीक असतो आणि भोकच गाळाने बुजलेलं असतं. तारेने काम झालं नाही तर खालचा भाग उतरवायचा. त्यात काही गूढ नाही, चार-पाच बोल्ट आणि गिअरचा दांडा. इम्पेलर दर वर्षी, फार तर दोन वर्षांनी बदलावा, वापर झाला नसला तरी. आणि पाण्याबाहेर 'जरा चालू करून दाखव' हा प्रकार कोणी साहेब आले म्हणून करू नये. कोरड्यात रबर काही सेकंदांत जळू लागतं. चाचणीसाठी मोठं टिपाड पाण्याने भरून त्यात मोटर बुडवावी, आणि पुरातून आल्यावर त्याच टिपाडात स्वच्छ पाणी भरून दहा मिनिटं चालवावी, म्हणजे आतला गाळ निघून जातो.

गिअरचं ऑइल पाहायला खालचा स्क्रू किंचित सैल करायचा. ताकासारखं पांढुरकं आलं तर सीलमधून पाणी शिरलं आहे. सील दोन-तीनशेचा, गिअर बॉक्स हजारांचा. लहान मोटरांत पंख्याला एक पितळी पिन असते. पंखा दगडाला लागला की ती तुटते आणि गिअर वाचतो. पुराच्या पाण्याखाली कुंपणाचे खांब आणि विहिरींचे कठडे असताना ही पिन तुटणारच. जादा पिना बोटीतच ठेवाव्यात. तिच्या जागी कापलेला खिळा ठोकणारा हुशार माणूस प्रत्येक गावात असतो. पुढच्या दगडाला खिळा तुटत नाही, गिअर तुटतो. मोठ्या मोटरांत पिनेऐवजी पंख्याच्या मध्यात रबराचा बुश असतो, तो म्हातारपणी सुटतो. मग इंजिन ओरडतं आणि बोट हलत नाही. खडूने किंवा रंगाने बुशवर आणि पंख्यावर मिळून एक सरळ रेघ मारावी, फेरी मारून यावं. रेघ तुटून सरकलेली दिसली तर पंखा घसरतो आहे.

एवढं झाल्यावरच ट्यूनिंग. जुन्या इंजिनाचं ट्यूनिंग म्हणजे त्याची ताकद वाढवणं, ही समजूत सोडून द्यायची. कंपनीने ज्या मापांवर ते पाठवलं होतं त्या मापांवर परत आणणं, बस. कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा आणि दीड फेरा मागे घ्यायचा. हा फक्त आरंभबिंदू. मग इंजिन गरम करून, गिअरमध्ये टाकून, पाण्यात, लोडवर एकेक अष्टमांश फेरा आत घेत जायचं. मिश्रण पातळ झालं की इंजिन कार्बोरेटरमधून शिंकतं. तो फट् आवाज आला की थोडं मागे यायचं आणि तिथेच ठेवायचं. स्टँडवर न्यूट्रलमध्ये मधुर आवाज येईपर्यंत पिळत बसणाऱ्याचं इंजिन नदीत गिअर टाकताक्षणी बंद पडतं. दोन कार्बोरेटर असतील तर दोघांचे थ्रॉटल एकाच क्षणी उघडायला हवेत, आणि करंटचं टायमिंग त्या थ्रॉटलशी जोडलेल्या दांडीने पुढे सरकतं, तीही खुणेवर असावी.

शेवटची परीक्षा पूर्ण थ्रॉटलची, बोटीत नेहमी असतील तितकी माणसं बसवून. बऱ्याच ओबीएमना मिनिटाला ५,००० ते ५,५०० च्या आसपास फेरे मिळायला हवेत. मिळत नसतील आणि कॉम्प्रेशन, ठिणगी, पेट्रोल तिन्ही ठीक असतील, तर दोष इंजिनात नाही, पंख्यात आहे. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकू पाहतो ते अंतर; ती जास्त म्हणजे चढावर टॉप गिअरने गाडी रेटणं. इंच-एक पिच कमी केली की फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात. बचावाच्या बोटीला वेग नको, ओढ हवी. म्हणून कमी पिचचा पंखा तिला शोभतो. नेमका हाच भाग कोणी बदलत नाही, कारण तो बिघडलेला नसतो.

पूर ओसरल्यावर मोटर गोदामात जाते तेव्हा तिचं पुढचं वर्ष ठरतं. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल सांडून टाकावं, टाकी रिकामी करून ते पेट्रोल कोणाच्या तरी जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला द्यावं, प्लगच्या भोकांत ऑइल सोडावं, मोटर उभीच ठेवावी म्हणजे आतलं पाणी निथळतं. आडवी टाकली तर ते पाणी सिलिंडरकडे जातं. महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवावं. पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत साहित्याची तपासणी होते, तेव्हा बोटी हवा भरून ओळीने मांडतात, लाइफ जॅकेट मोजतात. मोटर टिपाडात घालून वीस मिनिटं चालवून दाखवली तर त्या यादीला काही अर्थ.

आणि कधी थांबायचं? ब्लॉकला तडा असेल, दोन्ही सिलिंडर ओव्हरसाइझला नेऊनही ओरखडे राहत असतील, किंवा पार्टच मिळत नसतील. हे शेवटचं कारण वाढत चाललं आहे. ओले इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आऊटबोर्ड मोटर बाजारात आणली. त्याच्या नावाच्या मोटरांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. इतर कंपन्याही टू-स्ट्रोककडून फोर-स्ट्रोककडे गेल्या आहेत. तेव्हा एकाच मॉडेलच्या दोन मोटरा तालुक्यात असतील आणि एक अगदीच गेली असेल तर ती भंगारात देऊ नये. तिचा कार्बोरेटर, कॉइल, खालचा गिअर आणि पंखा काढून, ऑइल लावून, चिठ्ठी बांधून दुसरीच्या शेजारी ठेवावेत.